उशिराचं खरं कारण

आमच्या सोलापूरच्या कोर्टाबाहेर गड्डममामा टायपिंग करतात, आणि 'आजारी' हा शब्द ते टाइप करत नाहीत. तुम्ही म्हणाल, टायपिस्टला काय करायचंय, सांगितलं ते बडवावं. पण मामा की-बोर्डवरून हात उचलतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि समोरच्या पक्षकाराला म्हणतात, "निजं चेप्पु." म्हणजे खरं सांग. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि रागावले की पुन्हा तेलुगू.

काम मात्र नेमकं तसलंच येतं. दिवाणी दावा हरलेल्या माणसाने तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करायचं असतं. ते राहिलं, की उशीर का झाला ते सांगून माफी मागायची. निम्मा जिल्हा त्या मुदतीत नेमका काविळीने पडलेला असतो. मामा म्हणतात, "एवढी कावीळ असती तर सोलापूर पिवळं दिसलं असतं की!"

एका दुपारी मी मोहोळकडच्या बिराला घेऊन त्यांच्याकडे गेले. मी बिराची वकील. कडुलिंबाखाली सगळंच पेंगत होतं. शेजारचा स्टॅम्पवाला, कुत्रं, वारासुद्धा. बिरा मेंढपाळ. विहिरीकडे जाणाऱ्या जमिनीच्या पट्ट्याचा दावा त्याच्या चुलतभावाने जिंकला होता. पट्टा गेला तर मेंढरांना पाणी नाही. आणि अपिलाला त्रेसष्ट दिवसांचा उशीर! मी कावीळ लिहूनच आणली होती.

मामांनी माझा कागद बाजूला सारला. "कुठं होतास रे?"

"मेंढरं घिऊन लांबच्या रानात. निकाल लागल्यालं ठावंच न्हवतं. मुदत सरून आनिक त्रेचाळीस दिस गेलं."

"आणि वरचे वीस?"

बिरा बराच वेळ पटक्याच्या शेवाशी चाळा करत राहिला. "बांधावर बसून हुतो. सकाळी बसायचो, दिस बुडायचा. आमी दोगं भाऊ त्याच हिरीत पवायला शिकलो. त्येच्यावर पुन्यांदा कोर्टात जायाचं मन हुईना."

"मामा, असलं कारण चालत नाही," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलंच नाही. एकेक अक्षर सावकाश दाबत त्यांनी लिहिलं, 'अर्जदार वीस दिवस बांधावर बसून होता, कारण भावाविरुद्ध पुन्हा उभं राहणं त्याला जड जात होतं.'

कोर्टात समोरचे वकील हसले. न्यायाधीशांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि बिराला विचारलं, "मग आता कसं मन झालं?"

"मेंढरं तान्हेली हाईत, साहेब."

विलंब माफ झाला. अपील दाखल झालं.

मी धावतच मामांना सांगायला गेले. ते काही हसले नाहीत.

"बिरा वीसच दिवस बसला," ते म्हणाले. "माझी पोरगी विजापूरला असते. माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून तिचा फोन घेतला नाही. करून करून ती थकली. चार वर्षं झाली. मॅडम, एवढा उशीर माफ होतो का हो?"

मी त्यांचा मोबाइल उचलून त्यांच्यापुढे की-बोर्डवर ठेवला. मग म्हटलं, "लावून तर बघा, मामा."

नंबर त्यांना पाठ होता.

"नान्ना?" पलीकडून आवाज आला. मग, "तिन्नारा?" एवढं तेलुगू मलाही कळतं. बाबा, जेवलात का?

मामा नुसतीच मान हलवत राहिले. फोनवर मान दिसत नाही, हे सांगायला मी काही तिथे थांबले नाही.