कानाच्या मशीनचा नंबर

नागरिकांचा विश्वास हा राज्याचा पाया असतो, आणि पाया म्हटला की तो अधूनमधून मोजावा लागतो.

सायकली दुरुस्त करणाऱ्या काकांचे कान गेले, तेव्हा त्यांचा सरकारवर पूर्ण विश्वास होता. चाक कानाजवळ फिरवायचे आणि आतले छर्रे झिजलेत का ते आवाजावरून सांगायचे, यावर त्यांनी चाळीस वर्षे संसार केला. गेल्या महिन्यात एक कुरकुरते चाक त्यांनी "लोण्यासारखं फिरतंय" म्हणून परत दिले आणि शाळेच्या बाई चौकात तोंडावर आपटल्या. तेव्हापासून लोक दुकानात फक्त हवा भरायला येत.

कर्णबधिर साहाय्य कक्षात कानाचे मशीन फुकट मिळे. शिपाई दारातून नंबर एकदाच पुकारी, तोही हळू (भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती). ओ न देणारा गैरहजर. काका पहिल्या बाकावर बसून दोनदा गैरहजर राहिले. तिसऱ्यांदा काकूंनी कोपराने ढोसले, तसे ताडकन उठले.

"ऐकू आलं ना?" साहेब म्हणाले. "मग मशीन कशाला?" शेरा : अपात्र.

"अहो, मी ढोसलं त्यांना!"

"मग मशीनचं काम तुम्ही करताच आहात की, काकू."

अशाने लोकांचा विश्वास उडू लागला, म्हणून सरकारने कक्ष खाजगी कंपनीला दिला. गादीच्या खुर्च्या आल्या, थंड हवा आली, हसणारी मुलगी आली. माणसांना हाका मारणे असभ्य ठरले. नंबर लागला की कंपनी आता घरी फोन करी. तीनदा न उचलल्यास 'लाभार्थी अनिच्छुक'. (घरी काका एकटेच; काकू दिवसभर दुकानात हवा भरत असत.)

वर्षअखेर कंपनीने सगळ्या बहिऱ्यांना फोनवरच विचारले, "काही तक्रार?" ब्याण्णव टक्के गप्प राहिले. ते समाधानी. काकू मात्र त्या दिवशी घरी होत्या; त्यांनी फोन काकांच्या हातात कोंबला. "मशीन कधी देताय?" काका ओरडले.

शेरा : फोनवर उत्तम बोलतात. बरे झाले.

काकांनी छर्ऱ्यांचा डबा भंगारवाल्याला देऊन टाकला.

हे वाचून तुम्ही "अरेरे" म्हणालात, तेही मनातल्या मनात. कंपनीने तुमची नोंद घेतली आहे. समाधानी आता त्र्याण्णव टक्के आहेत.