साळिंदराने सुरी घेतली

एका जंगलात दाजीबा नावाचा साळिंदर राहायचा. जंगल कुठलं ते विचारू नका. घाटाच्या वळणावर माणसं गाड्या थांबवून भजी खातात ना, तिथून खाली उतरलं की लागतं.

दाजीबाच्या अंगावर हातहातभर लांब काटे होते. पुढचे दात असे की हाडाचा भुगा करतील. नखांनी तो डोंगर पोखरायचा. आणि तरी त्याला वाटायचं, आपल्याजवळ काही म्हणजे काही नाही.

असं वाटतं, बाळांनो. मोठे झालात की तुम्हालाही वाटेल.

त्याच्या बायकोचं नाव सगुणा. साळिंदराचे दात नखांसारखे वाढत राहतात, ते रोज झिजवावे लागतात. त्यासाठी सगुणाने माहेराहून सांबराचं एक शिंग आणलं होतं. संध्याकाळी दोघं त्याच्या दोन टोकांना बसायची, कुरतडायची आणि दिवसभराचं बोलायची. बिळाच्या वरच टिटवीचं घर. तिला सगळं ऐकू यायचं. जंगल तिला भोचक म्हणायचं. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही तर कोणी द्यायचं?

त्या जंगलात एक माणूस फासे लावायला यायचा. दुपारी लावायचा, दिवस मावळताना बघायला यायचा. पावसाळ्यात घोरपड त्यात गेली. चांगली ओळखीतली होती. त्या रात्री दाजीबाने कंद बाजूला सारला.

"सगुणा, उद्या तू अडकलीस तर?"

"तर कुरतडीन आणि येईन," सगुणा म्हणाली.

दाजीबाला ते उत्तर फार मागासलेलं वाटलं.

जंगलाच्या वरच्या अंगाला हरबा वानराचं दुकान होतं. डोंगर चढायला येणाऱ्या माणसांच्या पिशव्यांतून जे जे निघेल ते तो झाडाला टांगून विकायचा. चष्मे होते, टोप्या होत्या आणि सुऱ्या होत्या. दाजीबा रोज जाऊन सुऱ्या बघू लागला.

हरबाने त्याला समजावून सांगितलं. घडीची सुरी घेऊ नये, ती ऐन वेळी बिजागरीत मोडते. पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेलं असावं. फार लांब नको, वीतभराच्या आतलं बरं. साधं पोलाद धार छान धरतं, पण गंजतं. न गंजणाऱ्याला धार लावताना जीव जातो. पात्याची पाठ चौकोनी असावी, म्हणजे गारगोटीवर घासून ठिणगी पडते. मूठ ओल्या हातातून निसटता कामा नये. आणि म्यान घट्ट हवं.

हे सगळं बरोबर होतं, बाळांनो. हरबा खोटं एक अक्षर बोलला नाही.

दाजीबाला हे सगळं पाठ झालं. घरी येऊन तो सगुणाला ऐकवायचा. सगुणा कंद सोलता सोलता हूं हूं करायची. कंद अर्थातच दातांनी सोलायची. शेवटी एक सुरी पसंत पडली. हरबाने टिचबटण उघडून म्यानातून काढून दाखवली, उन्हात फिरवली, परत घातली, बटण लावलं. दाजीबाने बदल्यात सांबराचं शिंग दिलं.

सगुणाला घरी आल्यावर कळलं.

"माझ्या माहेरचं होतं ते," ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच घेतली ना सुरी," दाजीबा म्हणाला. आणि ते खरं होतं, म्हणून सगुणाला पुढे काही बोलता येईना.

मग दाजीबाने ठरवलं की आपल्या घरात आता कोणी कुरतडायचं नाही. सुरी असलेल्या घरात ते शोभत नाही. त्याने स्वतः पाळलं. महिन्याभरात त्याचे दात एवढे वाढले की ओठ मिटेनात. तो मऊ उंबरं चोखून खायचा आणि ऐटीत बसायचा. टिटवीने विचारलं, तब्येत बरी आहे ना. तो म्हणाला, हत्यार बाळगणाऱ्याचा चेहरा असाच करारी दिसतो. सगुणा मात्र मागच्या बाजूला जाऊन बांबूच्या मुळ्या कुरतडून यायची. टिटवीला माहीत होतं. ती बोलली नाही. एवढा पोच तिला होता.

बघता बघता खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात, आणि पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत जागचं हलवत नाहीत. दाजीबाने सपाट दगडावर पानं अंथरली. वर सुरी ठेवली, म्यानासकट. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग त्याच्या लक्षात आलं की नैवेद्य राहिला. सगुणा कंद उकरायला ओढ्याकाठी गेली.

आणि फाशात अडकली.

मागचा पाय दोरीत गेला. दोरी खुंटीला बांधलेली. ओढावं तसा फास आवळायचा. टिटवीने वरून पाहिलं आणि ओरडत दाजीबाकडे आली. दाजीबा उठला, सुरीकडे धावला आणि सुरीपाशी येऊन थबकला.

"टिटवीकाकू, पुजलीय हो आत्ताच."

टिटवी म्हणाली, तिच्या माहेरी अशा वेळी अक्षता टाकून, पाण्याचं बोट फिरवून, क्षमा मागून हलवायचे. दाजीबाने अक्षता शोधल्या. अक्षता मिळेनात, तेव्हा बारीक खडे टाकले. क्षमा मात्र रीतसर मागितली. मग म्यानाचा पट्टा पंजात अडकवून फरफटत ओढ्याकाठी नेली. ऊन कलायला लागलं होतं.

सगुणाचे डोळे भरून आले. "आलात होय," ती म्हणाली.

"हलू नकोस. आता बघच तू," दाजीबा म्हणाला आणि म्यान उघडायला गेला.

टिचबटण उघडायला अंगठा लागतो. हरबाला अंगठा होता. दाजीबाला नव्हता. दुकानात हा विषय निघाला नव्हता.

त्याने नखाने ओढून पाहिलं. दगडावर आपटून पाहिलं. म्यान घट्ट होतं, चांगल्या म्यानाने असावं तसं. पट्टा दातांनी तोडावा तर वरचे दात खालच्यांवरून पुढे गेलेले, चावाच बसेना. टिटवी चोच मारून दमली.

तेव्हा सगुणा हळूच म्हणाली, "अहो, मी जरा दात लावू का दोरीला?"

दाजीबाने तिच्याकडे पाहिलं. त्याला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

"मग ही सुरी घेतली कशाला?" तो म्हणाला.

सगुणाला त्याचं तोंड बघवेना. ती थांबली.

दाजीबाने टिटवीला हरबाकडे पिटाळलं. टिटवी उडत गेली, उडत आली. हरबाने निरोप दिला होता की सुट्टीच्या गर्दीत त्याला दुकान सोडून येता येत नाही. पण ही अडचण नेहमीची आहे. मोठ्या सुरीचं म्यान उघडायला एक छोटी सुरी येते, ती घेऊन ठेवावी. दाजीबाने ती म्यानात येते की उघडी, असं विचारायला टिटवीला परत पाठवलं.

टिटवी परत आली ती ओरडतच. माणूस ओढा ओलांडत होता.

पाचोळा वाजू लागला. दाजीबाने एकदा सगुणाकडे पाहिलं, एकदा सुरीकडे. मग पट्टा पंजात अडकवला.

"मी ही ठेवून येतो," तो म्हणाला. "त्याच्या हाती लागली तर आपल्यापाशी उरलं काय?"

आणि तो झाडीत गेला.

तो दिसेनासा होईपर्यंत सगुणा थांबली. त्याच्या देखत तिला बरं वाटेना. मग तिने मान वळवली. अडकित्त्यात सुपारी फुटते तसा एक बारीक आवाज झाला. माणूस आला तेव्हा खुंटीला वीतभर दोरी होती.

दाजीबा बिळात सुरी पुढ्यात घेऊन बसला होता. सगुणा लंगडत आत आली. तो उठला. तिला जवळ घ्यायला काटे बाजूला सारता सारता त्याला रडू फुटलं. रडतच तो सुरीच्या पाया पडला.

"पावली," तो म्हणाला.

सगुणाने पाय चाटला आणि नैवेद्याचा कंद सोलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याचं सोनं द्यायला सगळं जंगल दाजीबाकडे आलं. फाशातून कोणी जिवंत परतल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. दाजीबाने सगळ्यांना सुरी दाखवली, म्यानात होती तशीच. पातं कसं एकसंध आहे ते समजावून सांगितलं. ससा म्हणाला, न काढता एवढं करते, तर काढली तर काय करील. टिटवी काही बोलायला गेली, तर सगुणाने तिच्या चोचीत सोनं ठेवलं आणि नुसती मान हलवली. संध्याकाळपर्यंत हरबाच्या झाडावरच्या सुऱ्या संपल्या.

दाजीबाने ती छोटी सुरीही घेतली. घरातल्या कंदांच्या बदल्यात. तिला सांबरशिंगाची मूठ होती आणि मुठीवर बारीक बारीक खाचा. हरबा म्हणाला, हे हातकाम आहे, असं आता कोणी करत नाही.

सगुणाने ती मूठ एकदा हुंगली. आपल्या दातांच्या खुणा कोणालाही ओळखू येतात.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी छोटी सुरी मागच्या बाजूला नेते. पुसायला, असं सांगते. मूठ दिवसेंदिवस बारीक होत चालली आहे. दाजीबा पाहुण्यांना ती अभिमानाने दाखवतो.

"बघा," तो म्हणतो, "वापरून वापरून कशी झिजली."

तात्पर्य: सुरी घेताना घाई करू नये. पातं, मूठ आणि म्यान नीट पारखून घ्यावं. कापायला काय, घरात कोणीतरी असतंच.