सासऱ्यांची मिशी आणि नवा तांदूळ

तांदळाबद्दल मला कोणी काही शिकवू नये! मी गोंदियाजवळच्या गोरेगावात एका राईस मिलच्या ऑफिसात बसतो. तांदळाच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, हात घालायचा, डोळे मिटायचे आणि सांगून टाकायचं, नवा का जुना, भात मोकळा होईल का गिचका. आजपर्यंत एकदाही चुकलो नाही. म्हणून लाकडावर कागद चिकटवायला बाजारातून डिंक आणा, असं मोबाईलच्या व्हिडिओतला तो माणूस सांगू लागला, तेव्हा मला हसूच आलं.

कसलं लाकूड, कसला कागद, तेही सांगतो. मी एक मशीन मागवली होती. स्क्रोल सॉ. दिसायला शिलाई मशीनसारखी, फक्त सुईच्या जागी दोऱ्याएवढी बारीक करवत खाली-वर नाचते. लाकडावर चित्राचा कागद चिकटवायचा आणि रेषेरेषेनं कापत जायचं. नाव, फुलं, माणसाचा चेहरा, काय वाट्टेल ते! मी तोवर फक्त एक मासा कापला होता. अल्का, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, त्याला चप्पल म्हणत होती. पण हिंमत बघा, सासऱ्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला त्यांचा चेहराच सागाच्या फळीत कापून देतो, असं मी सासरी, तिरोड्याला जाऊन चारचौघांत सांगून आलो!

सासूबाईंनी, कुसुमबाईंनी, भिंतीवरचा फोटो उतरवला. पदरानं पुसला. पण माझ्या हातात देईनात.

"जावई, हा एकच हाये," त्या म्हणाल्या. "मोबाईलमंधी त्यायनं कधी तोंड दाखवलं नाई. फोटो काढतो म्हटलं का हात आडवा! हा तेवढा रिटायर झाले तवा स्टुडिओत जाऊन काढला. तो स्टुडिओही आता बंद झाला. रोज सकाळी मी याच्यासंगं बोलतो."

"आई, काळजी कायले करता? आधी गोंदियात कॉपी काढीन. कॉपीच चिकटवीन. ओरिजिनलला हातसुद्धा नाही लावणार."

"हे मिशी पाहून घ्या," त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "डावी बाजू खाली हाये. मोटरसायकलच्या आरशात पाहून कात्रीनं छाटत. जलमभर सांगतलं, जी, बाजू सारख्या करा. ऐकतील तं ते भैयालाल कायचे! मंग भांडण होये, मंग चहा होये." मग आवाज एकदम बदलला. "याले काही झालं तं माया दाराशी येऊ नका, सांगून ठेवतो."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

गोंदियातल्या स्टुडिओवाल्यानं दोन्ही फोटो एकाच पाकिटात घालून दिले. वर छाती फुगवून म्हणतो, "सर, ऐसी कॉपी निकाली है, आप खुद नहीं पहचानोगे! साइज सेम, कागज सेम. और थोडा सुधार भी दिया है."

काय सुधारलं, हे मी विचारलं नाही. तिथंच माझी माती झाली.

शनिवारी संध्याकाळी मी कामाला लागलो. रविवारी दुपारी तिरोड्याला कार्यक्रम. पाकिटातून दोन सासरे निघाले. एक चकचकीत, एक जरा पिवळट. आता तुम्हीच सांगा, झेरॉक्स काढली तर ती फिकी येते का चकचकीत? फिकी! म्हणजे पिवळट तो कॉपी. इतकं सरळ होतं ते. चकचकीत सासरे मी अल्काकडे फ्रेममध्ये घालायला दिले आणि पिवळट सासरे फळीवर ठेवले.

"अहो, त्या व्हिडिओत आधी लाकडाला कागदी टेप लावतात," अल्का म्हणाली. "मग टेपवर कागद. म्हणजे काम झालं का सगळं एका ओढीत निघून येते."

"त्यांच्याकडे आपला तांदूळ नाही म्हणून टेप लागते!"

आमच्याकडे धान नुकतंच निघालं होतं. नव्या तांदळाचा भात किती गिचका होतो, हे गोंदिया जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मी तोच शिजवला, चांगला आसट केला, शितं घोटून घोटून खळ केली आणि फोटोच्या मागं न बघताच चोपडली. मिशीचं काम सर्वांत नाजूक. तिथं कागद उचलला तर करवत भरकटते. म्हणून मिशीखाली दोन बोटं खळ जास्त लावली. वर तांदळाचा कट्टा ठेवला आणि निवांत झोपलो.

सकाळी कट्टा उचलला. वा! फोटो असा बसला होता की जणू सागालाच सासरे फुटले होते. नखानं कड उचलून पाहिली. हलेना! मी मशीन सुरू केली, फळीचा कोपरा करवतीजवळ नेला, आणि आतून अल्काची किंकाळी आली.

"थांबा! मशीन बंद करा! बंद करा म्हणते ना!"

ती फ्रेम घेऊन धावत आली. चकचकीत सासरे उलटे धरलेले. मागची बाजू कोरी पांढरी.

"याच्या मागं तिरोड्याच्या स्टुडिओचा शिक्का कुठं आहे?"

"नसेल मारला."

"बाबाच्या फोटोमागं निळा शिक्का होता. मी स्वतः पाहिला आहे!" तिचं लक्ष फळीकडे गेलं. मग माझ्याकडे. "तुम्ही कोणता चिकटवला?"

मी फ्रेम फळीशेजारी धरली, आणि तेव्हा मला स्टुडिओवाल्यानं काय सुधारलं होतं ते दिसलं. डाग पुसले होते, उजेड वाढवला होता, आणि मिशी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी करून ठेवली होती! डावी बाजू खाली असलेले खरे सासरे फळीवर होते, नव्या तांदळात रुतलेले.

इतक्यात फोन वाजला. सासूबाई!

"जावई, निघाले का जी? हार ओवून ठेवला. भिंत सुनी सुनी दिसून राह्यली. आधी फोटो आणा, लाकडाचं मंग पाहू."

"हो आई, निघतोच आहोत!"

"बोलता बोलता धापा काऊन टाकून राह्यले?"

"जिना चढतोय, आई!" आमच्या घराला जिना नाही.

फोन ठेवला आणि मी म्हणालो, "अल्का, हा चकचकीतच देऊन टाकू. कोणाला कळते?"

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की मी दोन पावलं मागं सरकलो. "माझ्या बाबाच्या जागी स्टुडिओवाल्याचा माणूस बसवू? आई त्याच्याशी रोज बोलन? लाज वाटत नाही?" आणि ती रडायला लागली. खरं सांगतो, तेव्हा मलाही रडू आलं. सासरे मला फार मानायचे. तो मासासुद्धा त्यांना आवडला असता.

पण रडून खळ सुटत नाही. "भाताची खळ वाफेनं सुटते," मी म्हणालो. भात शिजवतो त्याच गंजात पाणी उकळायला ठेवलं. मी फळी वाफेवर धरायची आणि अल्कानं पातळ सुरीनं कड सोडवत जायचं.

"हळू! कान आला."

"कपाळ सुटलं."

"नाक सांभाळ, नाक!"

"तुम्ही बोलू नका, माझा हात हलते."

हात भाजत होते, पण फळी सोडायची सोय नव्हती. हनुवटी आली. गाल आला. आता फक्त मधला भाग राहिला. अल्कानं श्वास रोखून हलकेच ओढलं, आणि बारीकसा टर्र असा आवाज आला. सासरे उठले. मिशी फळीवरच राहिली!

फोटोत नाकाखाली मिशीच्या आकाराचं भोक. फळीवर एकटी मिशी, डावी बाजू खाली.

फळीवरची मिशी काढायला सुरी लावली तर तिचे केससुद्धा सुटायला लागले. तिथं दोन बोटं खळ जास्त होती ना!

"कॉपीतली मिशी कापून लावते," अल्का डोळे पुसत म्हणाली आणि भुवयांची बारीक कात्री घेऊन बसली. तिनं चकचकीत मिशी कापली, भोकावर बसवली, कडेनं जराशी खळ लावली. अख्खी कॉपीच मागून सरकवली असती तर भोकातून मिशी आपोआप दिसली असती आणि काही चिकटवावंही लागलं नसतं. हे मला सुचलं तेव्हा कॉपीची चाळण झाली होती.

फोटो ओला होता. काचेला चिकटू नये म्हणून काच घरीच ठेवली. फळीही मी घरीच ठेवणार होतो, पण अल्कानं ती ओढणीत गुंडाळली. "बाबाची मिशी इथं एकटी नाही राहणार," ती म्हणाली. यावर नवऱ्यानं काय बोलावं?

तिरोड्यापर्यंत मी मोटरसायकल चालवली आणि मागं अल्का सासऱ्यांना वाऱ्यावर वाळवत बसली. वाटेत एक माणूस आम्हाला हात जोडून गेला.

घर पाहुण्यांनी भरलेलं. टेबलावर पांढरं कापड, फुलं, मेणबत्त्या. सासूबाईंनी फ्रेम हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"काच कुठी गेली?"

"तडकली आई," अल्का म्हणाली. "नवीन बसवू."

त्यांनी फोटो उलटा केला, पुठ्ठ्याच्या फटीतून कोपऱ्यातला पुसट निळा शिक्का पाहिला, मान हलवली आणि टेबलावर ठेवला. हार घातला. माझ्या जिवात जीव आला. बुद्धवंदना शांतपणे पार पडली. मग एकेक जण फूल वाहायला पुढं येऊ लागला आणि माझं लक्ष मिशीकडे गेलं.

मेणबत्ती फोटोच्या अगदी जवळ होती. ऊब लागून खळ वाळत होती. मिशीचं उजवं टोक हळूहळू वर उचलत होतं!

मी पुढं झालो, नमस्कार केल्यासारखं केलं आणि मेणबत्ती हातभर दूर सरकवली.

"अंधार काऊन करता जी त्यायच्या तोंडावर?" सासूबाईंनी मेणबत्ती परत होती तिथं आणली. जरा जवळच आणली.

आता दुसरं टोक उचललं. सासरे मिशीला पीळ देत होते! अल्कानं माझा दंड असा धरला की तिची नखं रुतली. "काहीतरी करा," ती पुटपुटली. मी पंखा बंद करायला उठलो आणि घाईत बटण दाबलं ते नेमकं पंख्याचा वेग वाढवणारं. समोर शालीकरामकाका उभे, सासऱ्यांचे जुने दोस्त, जाड भिंगाचा चष्मा. फूल हातातच राहिलं.

"कुसुम," ते म्हणाले, "भैयालाल हालून राह्यला काय वं?"

सगळे वळले. पंख्याची झुळूक आली, मिशी सुटली, हवेत एक गिरकी घेतली आणि शेवंतीच्या फुलांवर जाऊन पडली.

मोटरसायकलची किल्ली कोणत्या खिशात आहे, ते मी चाचपू लागलो. सासूबाई उठल्या. मिशी उचलली. उजेडात धरली. फोटोकडे पाहिलं. मिशीकडे पाहिलं.

"हे त्यायची नोहे," त्या म्हणाल्या.

"आई, मी..."

"बाजू सारख्या हायेत. जलमभर मी सांगून थकलो, ते ऐकले नाई, आन आता मेल्यावर ऐकतील?" त्यांनी ती मिशी माझ्या तळहातावर ठेवली. "त्यायची कुठी हाये?"

अल्कानं ओढणी सोडली आणि फळी पुढं केली. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. पिवळट फोटो, नवा तांदूळ, जास्तीची दोन बोटं खळ, वाफ. सगळं. सासूबाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या सागावरच्या त्या मिशीवरून बोट फिरवत होत्या, डावीकडून उजवीकडे. एकदम त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले आणि भरल्या डोळ्यांनी पुन्हा हसल्या.

"हेच! पाह्य अल्का, केवढी वाकडी हाये! किती भांडलो मी हिच्यापायी!"

त्यांनी फळी फोटोशेजारी उभी केली आणि हार दोघांवर मिळून घातला. शालीकरामकाकांनी चष्मा पुसला, आधी फोटोला फूल वाहिलं, मग मिशीला.

आज तिरोड्याला भिंतीवर फोटो आहे आणि त्याच्या खाली माझी फळी. मशीनवर मी तिचा एक कोपराही कापलेला नाही. मला तशी सक्त मनाई आहे. सासूबाई सकाळी दोघांशी बोलतात, आणि माझा अंदाज आहे, मिशीशी भांडतातही. आल्यागेल्यानं विचारलं, की ही कलाकारी कोणाची, तर म्हणतात, "जावयाची कायची आली? नव्या तांदळाची हाये."

मला माफ केलं, असं तोंडानं म्हणतात. दार उघडतात, पाणी देतात, आग्रहानं जेवायला बसवतात. फक्त माझ्या ताटात नुसत्या पोळ्या असतात. भाताचा गंज मी दिसलो की वरच्या फळीवर जातो, झाकण घालून.