राणीला आवाज सोसत नाही

परबकाकांनी एखाद्याला "चाय घेतलंस?" विचारलं, तर समोरच्या चाळीतलेही दोघेतिघे "हो" म्हणायचे. सगळा जन्म गिरणीत मागांवर गेलेला. त्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावंच लागे. संपात गिरणी सुटली, ओरडणं राहिलं.

अशा माणसानं वरातीसाठी घोडी घेतली. तीही कोवळी, सायकलची घंटी वाजली तरी थरथरणारी. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ. मागच्या मोकळ्या जागेत, पत्र्याच्या आडोशाला त्यांनी राणी बांधली. सरावाचा नवरदेव मी. कारण मी किडकिडीत, बिनलग्नाचा आणि रविवारी घरी सापडणारा.

"बस रे. ती काय करूची नाय."

ती करायची. एका रविवारी तिनं मला निवडुंगात टाकलं, पुढच्या रविवारी लिदीत. त्यातल्या त्यात लीद बरी. सोमवारी बँकेत मी उभ्यानं काम करायचो, आणि साहेबांनी कारण विचारणंही सोडलं होतं. काकांचे उपाय मात्र संपेनात. बँडची सवय व्हावी म्हणून तिच्यापुढे डबा बडवून झाला. तिच्या कानांत कापूस घालून झाला. तो खाली पडला, तिनं खाल्ला.

शेवटी मीच एकदा कंटाळून, जमिनीवर पडल्या पडल्या म्हणालो, "काका, ती डब्याला नाही घाबरत. तुम्ही 'घाबरू नको' म्हणता ना, त्याला घाबरते."

काकांनी डबा खाली ठेवला आणि घरी गेले.

त्यानंतर चाळीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. काका खोकलासुद्धा दाबायचे. सकाळी राणीच्या मानेला डोकं टेकून काहीतरी पुटपुटत उभे असायचे. आवाज वर गेला की स्वतःच जीभ चावायचे. हळूहळू ती मला पाठीवर ठेवू लागली.

पहिली वरात भांडुपची, सकाळच्या मुहूर्ताची. नवरदेव माझ्या दुप्पट. बँड सुरू झाला तशी राणी ताठ झाली, नवरदेव पांढराफटक पडला. काकांनी तिच्या कानाशी तोंड नेलं. ती निघाली. खेकड्यासारखी तिरकी, पण थेट मांडवापर्यंत गेली.

परतताना मी विचारलं, "काय सांगितलंत तिला?"

काका इतकं हळू बोलले की मला पुन्हा विचारावं लागलं.

"काय नाय. हळू बोलाक शिकलंय, इतक्याच." मग थोडं चालून म्हणाले, "घरकारीण सांगान सांगान गेली. हळू बोला, माका भय वाटता. तिच्यासाठी जमाक नाय."

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेवढ्यात राणी रस्त्याकडेला अडून बसली. काकांनी लगाम ओढला नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, माझे पाय भरून आले होते. तिला निघावंसं वाटेपर्यंत आम्ही दोघे तिच्याशेजारी उभे राहिलो.