नाना केदारींचं एकुलतं एक चित्र

नाना केदारींच्या घरात पहिल्या खेपेला आत शिरलेला माणूस मी पाहिलेला नाही. सत्तरच्या दशकात तलाठी म्हणून माझी पौडला बदली झाली आणि पीकपाहणीचं विचारायला मी त्यांच्याकडे गेलो. उंबऱ्यावर पाय ठेवतोय तोच आतून गर्जना झाली, "कट!"

मी जागच्या जागी थांबलो. मागे वळवलेले पांढरे केस, भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर आणि एक डोळा मिटून माझ्याकडे बघणारे एक म्हातारे गृहस्थ. "भाऊसाहेब, तुम्ही सरकारी माणूस. सोयरीक घेऊन आल्यासारखे काय येता? पुन्हा या. दारात थांबा, घरावरून नजर फिरवा, मग पाऊल टाका."

मी मुकाट्यानं बाहेर गेलो आणि पुन्हा आलो. तिसऱ्या खेपेला चहा मिळाला.

गावाला याची सवय होती. पोस्टमन तर पत्र द्यायच्या आधीच विचारायचा, "नाना, हसत देऊ का गंभीर?" शेजारच्या सखूबाईंच्या शेळ्या सांजच्याला परतल्या, की नाना बांधावर उभे राहून ओरडायचे, "सगळ्या एकदम नको! काळीला आधी सोड!" सखूबाई काठी आपटून म्हणायच्या, "शेळ्या काय नाटकातल्या हायेत व्हय? वाट सोडा, म्हाताऱ्या!" एसटी स्टँडवर मुलीला सासरी पाठवताना कुणी रडू लागलं, तर नाना मध्ये पडत. "आत्ताच काय रडता? गाडी हलल्यावर रडा."

मी मुळात चौकस, त्यात तलाठ्याची नोकरी. या माणसाचा पूर्वेतिहास काढल्याशिवाय मला झोप येईना. अर्थात काढावा लागलाच नाही. एकदा चहा पुढे आला, की नाना स्वतःच सुरू व्हायचे.

मूकपटाच्या काळात ते घरातून पळून एका फिल्म कंपनीत शिरले. अंगानं किडकिडीत, म्हणून पहिली दोन वर्षं राणीची कामं केली. पुढे मिशा फुटल्या आणि राणीचा सेनापती झाला. "तेव्हा आवाज नव्हता, पण आम्ही बोलायचो हां! मी राजाला विचारायचो, काल पिठलं कसं झालं होतं? तो सांगायचा, खारट. आणि थेटरात बायका पदरानं डोळे पुसायच्या!" सगळं चित्रण उन्हावर चालायचं. ढग आला, की सगळे देव-दानव एका झाडाखाली विडी ओढत बसायचे.

बोलपट आले तेव्हा नानांनी एकच चित्र स्वतः दिग्दर्शित केलं. त्याचं नाव ते कधी घेत नसत. 'आपलं चित्र' म्हणायचे. कंपनी बुडाली. रिळं कुणीतरी चांदी काढण्यासाठी विकत घेतली आणि भट्टीत घातली. नाना पौडला येऊन वडिलांची जमीन कसू लागले. घरात ते एकटेच.

पण आपल्या चित्राचा एखादा तरी तुकडा कुठेतरी असणार, हे वेड काही सुटेना. जत्रेत कुठे सिनेमाचा तंबू लागला, की नाना तिथे हजर. डबे उघडायला लावायचे, रिळं उन्हाला धरून बघायचे. हात हलवत परत यायचे आणि दोन दिवस कुणाला 'कट' म्हणायचे नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

दर बाजाराच्या दिवशी ते गफूरभाई आत्तारांच्या दुकानात जायचे. आता बांगड्या, अत्तर विकणारे गफूरभाई तरुणपणी वडिलांच्या तंबू टॉकीजचं मशीन चालवत. नानांच्या चित्राची शेवटची कॉपी त्यांच्याच तंबूत फिरलेली.

"गफूर, काही सापडलं?"

"न्हाई, नाना. पार झिजून गेली कापी. टाकून दिली."

हे मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

एका दुपारी गफूरभाई माझ्या चावडीत आले. काखेत गंजलेला पत्र्याचा डबा. पोटमाळा आवरताना सापडला म्हणाले. "भाऊसाहेब, तुमी संगं चला. एकटा गेलो तर म्हातारा मला जित्ता सोडायचा न्हाई."

आम्ही गेलो. नाना अंगणातच बसले होते. गफूरभाईंनी डबा पुढे केला आणि खाली बघत बोलू लागले. "नाना, मी तुमच्या चित्राला कात्री लावलीवती. एक तुकडा लई लांबायचा. बाई नुसती भाकरी थापती, बाकी कायबी घडत न्हाई. लोक शिट्ट्या मारायची. आब्बा म्हनले, काप. तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाई."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो. नानांनी डब्यातली गुंडाळी काढली, टोक उन्हाला धरलं. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत चुलीपुढे एक बाई पाठमोरी बसली होती. पट्टी हातातून सरकू लागली. पुढे कुठेतरी ती बाई वळली.

नानांनी पट्टी तिथेच थांबवली.

"सावित्री," ते म्हणाले.

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "आमच्या नटीला भाकरी येत नव्हती. म्हणून हिला घरनं आणून बसवली. तोंड दाखवू नको म्हटलं होतं. पण दारात मी उभा, वळून बघितलंच तिनं. माहेरची माणसं फार बोलली. मग तिनं साधा फोटोसुद्धा काढून घेतला नाही कधी. दोन वर्षांत तापानं गेली. मला हल्ली तिचं नाक नीट आठवेना झालं होतं, भाऊसाहेब."

गफूरभाई रडत होते. "मला ठावं असतं तर कात्री लावली नसती, नाना."

"लावलीस म्हणून राहिली," नाना म्हणाले. "नाहीतर बाकीच्या रिळांबरोबर गेली असती."

बराच वेळ ते पट्टी पुढे-मागे सरकवत राहिले. मग एकदम विचारलं, "गफूर, लोक खरंच शिट्ट्या मारायचे?"

गफूरभाईंनी डोळे पुसले. "गडीमानसं मारायची. बाया न्हाई. बाया गप बसून बगायच्या."

"बघायच्या?"

"व्हय. तिच्याकडंच."

हे खरं होतं की नाही, ते गफूरभाईंना मी कधीच विचारलं नाही. चौकस असलो म्हणून काय झालं.