बन्सीकाकांनी न पाहिलेला महाराष्ट्र

आमच्या अंबडच्या गल्लीतले बन्सीकाका सगळा महाराष्ट्र फिरले आहेत आणि त्यांनी महाराष्ट्रातलं एकही गाव पाहिलेलं नाही. त्यांना महाबळेश्वर विचारा. "गेल्तो की. स्टँड उताराला हाय." कोल्हापूर? "स्टँड मोठं. बाकडे बराबर." तळं, देऊळ, राजवाडा वगैरे काही पाहिलं का, असं विचारलं की काका आपल्याकडे असं बघतात, जणू आपण त्यांना जुगाराच्या अड्ड्यावर बोलावलं. "गेटाभाएर पाय टाकला की रिक्षावाला धरतो. आपला पास गाडीचा हाय, रिक्षाचा न्हाई."

हा पास म्हणजे एसटीचा सात दिवसांचा. एकदा काढला की कुठल्याही गाडीत बसा, कुठेही उतरा, पुन्हा बसा. ही योजना ज्या कुणाला सुचली त्याच्या डोळ्यांसमोर किल्ले, लेणी, समुद्रकिनारे असणार. बन्सीकाका नक्कीच नसणार. काकांची नोकरी अंकुशनगरला साखर कारखान्यात, उसाच्या वजनकाट्यावर झाली. भरल्या गाड्या आत येताना आणि रिकाम्या बाहेर जाताना बघण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर तोच उद्योग त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. संक्रांत झाली की पास काढायचा, निघायचं, आणि परत येऊन गल्लीला प्रवासवर्णन ऐकवायचं. ते ऐकणं सक्तीचं असतं. मी एकदा ताप आल्याचं सांगून सुटायला बघितलं, तर काका उशाशी बसून सांगत राहिले.

जागा धरण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरणार नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत काकांचा टॉवेल खिडकीतून आत पडलेला असतो. मी कोर्टात कारकून. एकदा म्हटलं, काका, याला कायद्याचा काही आधार नाही.

"कायदा तुमच्या कोर्टात, कारकूनसाहेब. हितं टॉवेल. टाकला की जागा आपली, त्याच्यावर अपील न्हाई."

आणि खरंच नसतं. एरवी बांधावरून डोकी फोडणारी माणसं दुसऱ्याचा टॉवेल सीटवर दिसला की निमूट उभी राहतात.

असा हा तयारीचा माणूस, पण दरवर्षी एक वायरची पिशवी गाडीत विसरून येतो. टॉवेल विसरत नाही, पास विसरत नाही, चष्मा विसरत नाही. पिशवीच. काकींनी पहाटे उठून केलेले शेंगदाण्याचे लाडू, धपाटे, लसणाची चटणी असा चार माणसांचा ऐवज त्यात असतो. आणि तांब्या जागेवर ठेवला नाही म्हणून गल्ली डोक्यावर घेणाऱ्या काकी, पिशवी गेली म्हटल्यावर फक्त "बरं" म्हणतात. वयानं बाई थकली असेल, असा मी माझ्यापुरता निकाल देऊन टाकला होता.

या बडबड्या घरात एकच विषय बंद. मुलगी, शालू. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा काकांनी ओट्यावर उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं, "तुझ्या घराला पाय लावणार न्हाई, तुझ्याशी शब्द बोलणार न्हाई." मी इथे राहायला आलो त्याच्या आधीची ही गोष्ट. गल्लीला ती अजून पाठ आहे, त्यामुळे काकांना शब्द फिरवायची सोय राहिलेली नाही.

यंदा काकांचा गुडघा धरला. काकी माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुम्ही जा ह्यांच्या संगं. पण त्यांचं त्यांना करू द्या." शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. कारकुनाला वाटतं, लक्ष द्यायचं ते कागदावर.

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही, कारण आठवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. रत्नागिरीला समुद्र आहे असं मी तिथल्या स्टँडवर ऐकलं. नाशिकला नदी असल्याचं एका प्रवाशानं सांगितलं. परत जालन्यात उतरलो तेव्हा अंग असं आंबलं होतं की घरची गाडी दिसताच मी पळत सुटलो. काकांनी मागून हाक मारली. "तिकडं कुठं? भोकरदनच्या गाडीत बसा. पास आज दिवसभर हाय."

भोकरदनहून जाफराबाद, जाफराबादहून भोकरदन. मग पुन्हा जाफराबाद. अख्खा महाराष्ट्र मोकळा असताना!

"काका, हे तर आपल्याच जिल्ह्यात आहे."

"मंग? हितं पास चालत न्हाई का?"

प्रत्येक फेरीला तीच गाडी आणि तीच कंडक्टर. खाकीतली, पस्तिशीची, कपाळ रुंद. "पास?" म्हणाली की काका खिडकीबाहेरच्या हरभऱ्याकडे बघत पास पुढे करायचे. ती फोटो बघायची, चेहरा बघायची, पुन्हा फोटो. इतर गाड्यांत पासावर कुणी एवढा वेळ नजर ठेवली नव्हती. शेवटी मी बोललोच, "बाई, मघाशीच बघितला की तुम्ही."

"दर फेरीला बघावा लागतो. रूल हाय."

"बघू द्या ना," काका हरभऱ्याला म्हणाले. "काम करून राह्यल्या त्या."

संध्याकाळी भोकरदनला गाडी रिकामी झाली. गुडघा दुखणारे काका झपकन उतरले, आणि मला सीटखाली वायरची पिशवी दिसली! वर्षानुवर्षांची चोरी पकडल्यासारखा मला आनंद झाला. पिशवी उंच धरून मी फलाटभर ओरडत पळालो, "काका, पिशवी! पिशवी राहिली!"

काकांनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं आमच्या कोर्टात आरोपीसुद्धा सरकारी वकिलाकडे बघत नाही. त्यांनी पिशवी घेतली आणि नुसते उभे राहिले. मी मागे वळलो. कंडक्टर दाराच्या पायरीवर उभी होती आणि पिशवीकडे बघत होती. तिच्या छातीवरचं नाव मी दिवसभरात पहिल्यांदा वाचलं. शालिनी. कपाळ तर काकांचंच होतं. लाडू दरवर्षी कुठे जातात आणि काकी नुसतं "बरं" का म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. जमीन दुभंगावी असं वाटलं.

"द्या, मी देतो तिला," मी पुटपुटलो.

"राहू द्या. लै झाली तुमची मदत."

गाडी पुन्हा जाफराबादला निघत होती. काका खिडकीखाली गेले, हात मागे घेतला आणि टॉवेल टाकतात तशी पिशवी आत टाकली. नेम बराबर. पिशवी कंडक्टरच्या जागेशेजारच्या सीटवर पडली.

ती आत गेली. खिडकीतून डोकं बाहेर आलं. "अण्णा, जागा धरली तुमी. मंग बसा की."

काका गाडीच्या चाकाकडे बघू लागले.

"टाकलं की जागा आपली. अपील न्हाई म्हणायचे ना तुमी?"

काका माझ्याकडे वळले. "तिला सांगा, जाफराबादहून परतीची गाडी न्हाई आता."

"त्यांना सांगा, मला म्हाईत हाय. माझीच गाडी तिथं मुक्कामाला हाय."

मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी केलेलं तेवढंच एक शहाणपणाचं काम. काकांनी दांडा धरला, गुडघ्यावर हात दाबला आणि एकेक पायरी चढले. आत डबल बेल वाजली. काकांचा टॉवेल माझ्याच खांद्यावर राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका तिकीट काढून अंबडला आले. गल्ली ओट्यावर जमलेलीच होती. काकी दारात उभ्या होत्या, हातातला तांब्या तसाच धरून. कुणीतरी खवचटपणे विचारलं, "काय काका, जाफराबादचं स्टँड कसं हाय?"

काका गुडघा धरून ओट्यावर टेकले.

"भाएर पडलं की उजव्या हाताला लिंबाचं झाड हाय," ते काकींकडे बघत म्हणाले. "त्याच्या म्होरं निळं दार. दारात दोन पायऱ्या, बिलकुल तुला चढता येतील अशा. स्टँडकडं काही ध्यान गेलं न्हाई."