सांगलीची पोच

आण्णा फोनवर कधीच "हॅलो" म्हणत नाहीत. "सातारा, सातारा, सांगली बोलतोय. आवाज येतोय का?" आपण "येतोय" म्हणायचं, मगच पुढचं. एकदा मी घाईत नुसतं "हं" म्हणालो. "हं ह्यो जबाब न्हाई, साहेब. म्हसरंबी हं करत्यात."

आमच्या दूध संघाचा मुख्य सर्व्हर साताऱ्यात, माझ्या ताब्यात. दुसरा, राखीव, सांगलीजवळ कुपवाडच्या गोदामात, आण्णांच्या ताब्यात. साताऱ्यात झालेली दुधाची प्रत्येक नोंद लॉग फाईलमधून तिकडं जाते आणि तो सर्व्हर थोड्या वेळानं फाईली नंबरवार आत घेतो. साताऱ्याचा पडला तर सांगलीच्यानं उभं राहायचं.

आण्णा फौजेत सिग्नलला हवालदार होते. निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नसावं. सर्व्हरच्या खोलीत चप्पल काढून जातात. रोज सकाळी मला फोन करून शेवटच्या फाईलचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगायचे. मी तो परत म्हणायचा. "माघारी म्हणून दावल्याबिगर निरोप पोचला असं आमी धरत न्हाई."

खरं सांगतो, मी कंटाळलो. फाईल पोचली की आपोआप मेल येईल अशी सोय केली आणि म्हणालो, "आण्णा, आता रोज फोन नको."

आण्णांनी ते वाक्य जसंच्या तसं माघारी म्हटलं. मग, "समजलं."

पुढं साताऱ्याची डिस्क कुरकुरू लागली. रविवारी सगळं काम सांगलीवर हलवायचं ठरलं. शनिवारी सकाळी पाहतो तर सांगली तीन दिवस मागं. मेल मात्र इमानानं सांगत होते: पोचली, पोचली. पोचल्या होत्याच, आत कुणी घेतल्या नव्हत्या. मधली एक फाईल जागेवर नव्हती आणि ती आत गेल्याशिवाय पुढची एकही जात नाही. साताऱ्यातली तिची प्रत मी जागा करायला पुसून टाकली होती. डिस्क आता गेली असती तर गावोगावच्या दुधाची तीन दिवसांची नोंद गेली असती. सोबत मीही.

मिळेल त्या एसटीनं कुपवाड गाठलं.

"ती व्हय? हाय की माझ्याकडं." आण्णांनी एक फोल्डर उघडलं. नाव होतं, 'जबाब बाकी'.

"आण्णा, ही बाजूला कशाला काढली?"

"बुधवारी ही येत हुती तवाच लाइट गेली आन् आली. म्हणून तेवढा एक फोन केलता. तुमी उचलला न्हाई. जबाब न्हाई तर माल आत घ्यायचा न्हाई, ह्ये आमचं पयल्यापास्नं हाय."

"अहो, पण तीन दिवस!"

"मी बसलोय की हितं तीन दिस."

रागवायचं त्राण नव्हतं. तो फोन मी पाहिला होता. पाहून पालथा ठेवला होता.

फाईल जागेवर ठेवली. अडलेल्या फाईली एकेक करून आत जाऊ लागल्या. आण्णा नंबर मोठ्यानं वाचायचे, मी शेजारी बसून परत म्हणायचो. दुपार कलता सांगली साताऱ्याच्या बरोबरीला आली. साताऱ्याची डिस्क तोवर तग धरून राहिली, हे तिचे उपकार. मी भिंतीला टेकलो.

"साहेब, एक इचारू?" आण्णांनी मोबाईल पुढं केला. त्यांचा मुलगा कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळतो, विट्याकडची कितीतरी पोरं गाळतात तसंच. त्याला आण्णा बोलून निरोप धाडतात. पडद्यावर वरपासून खालपर्यंत आण्णांचेच निरोप होते. "ह्या दोन खुणा निळ्या झाल्या, म्हंजी त्यानं ऐकलं न्हवं?"

ऐकलं असतं तर शेजारचं माइकचं चित्रही निळं झालं असतं. मी बोटानं वर वर सरकत गेलो. एकही माइक निळा नव्हता.

"ऐकलंय, आण्णा," मी म्हणालो. "सगळं ऐकलंय."

"मग झालं," ते म्हणाले, आणि नवा निरोप बोलायला खोलीबाहेर गेले.